हत्तीच्या शेरवानीचं माप

मी टेप बोलतेय. अजीज मास्तरच्या गळ्यातली, माप घ्यायची टेप. एका अंगानं पिवळी, दुसऱ्या अंगानं पांढरी, आणि दोन्ही टोकांना पितळेची एकेक टोपी. टोप्या होत्या, असं म्हणायला हवं. आता नाहीत. त्या कुठं गेल्या हे सांगायला आज मी तुमच्यापुढं उलगडून बसलेय. बसलेय म्हणते खरी, पण बसणं माझ्या स्वभावातच नाही. गुंडाळलं की मला सुटावंसं वाटतं, सुटले की कुणाच्या तरी खांद्यावरून घसरावंसं वाटतं, आणि घसरून खाली पडले की वाटतं, कधी एकदा कुणी उचलतंय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या गावचा, ते विचारू नका. जन्मल्याबरोबर गुंडाळून डबीत कोंबलं, त्यामुळं गाव काही बघायला मिळालं नाही. एवढं आठवतं की कापडाची लांब पट्टी होते, तिच्यावर मेणकापडासारखा गुळगुळीत थर चढला आणि यंत्रानं एका दमात एकपासून साठपर्यंत आकडे उठवले. त्या क्षणापासून मी खरं बोलायला बांधली गेले. इंच म्हणजे इंच. त्यात कुणाची भीडभाड नाही.

नांदेडच्या एका गल्लीत काज-बटणांच्या दुकानात मी काही महिने रिळांच्या शेजारी पडून होते. तिथून व्यंकटरावांनी मला उचललं. व्यंकटराव म्हणजे शिलाईच्या दुकानाचे मालक आणि स्वतः जुने कटर. बाराही महिने पांढरा सदरा, आणि बोलायचं कमी. अजीज त्यांच्याकडं दहा वर्षं मशीन चालवत होता. एके दिवशी त्यांनी मला डबीतून काढून त्याच्या गळ्यात टाकलं आणि म्हणाले, आजपासून माप तू घ्यायचं. शिंप्याला बढती म्हणतात ती हीच. त्या दिवशी अजीज घरी गेला तरी मी गळ्यातच होते, आणि पुढं ती सवयच पडली. दुकानाचं शटर ओढताना त्याला किल्ल्या आठवायच्या, डबा आठवायचा, मी आठवायची नाही.

दुकानात मला दम कसला तो नव्हता. पोट, छाती, खांद्याचा तिरा, बाही, पुन्हा पोट. माणसांची एक गंमत तुम्हाला सांगते. कमरेला वेढा पडला रे पडला की प्रत्येक पुरुष श्वास आत ओढतो. लोहा गावाहून नवऱ्या मुलाला घेऊन आलेले त्याचे मामासुद्धा ओढतात, ज्यांचं माप कुणी घेणारही नसतं. अजीज काही बोलायचा नाही. माझ्या आत एक बोट घालून उभा राहायचा आणि त्यांचा श्वास सुटायची वाट बघायचा. श्वास सुटला की मग आकडा वहीत जायचा.

त्या दुकानाचे दोन नियम होते. पहिला असा की ज्या टेपनं माप घेतलं, कटिंगही त्याच टेपनं करायचं. कारण सोपं आहे. टेप कापडाची, वापरून थोडीफार सैल पडतेच. पण माझ्यानंच मापलं आणि माझ्यानंच कापलं, तर माझी चूक माझ्यातच जिरते आणि कपडा अंगाला बरोबर बसतो. दुसरा नियम सोमवारचा. कटिंगच्या टेबलाच्या कडेला व्यंकटरावांनी छत्तीस इंचांची पितळी पट्टी ठोकून घेतली होती. दर सोमवारी सकाळी दुकानातली एकेक टेप त्या पट्टीवर आडवी पडायची. जिचा छत्तीसचा आकडा पट्टीबाहेर गेला तिचे कैचीनं दोन तुकडे व्हायचे आणि ती चिंध्यांच्या पोत्यात जायची. कितीतरी बहिणी माझ्यादेखत तशा गेल्या. सोमवार उजाडला की मी अजीजच्या गळ्याला आणखी घट्ट चिकटायची.

आता घराकडं चला. देगलूर नाक्याच्या आतल्या अंगाला दोन खोल्या. तिथं अजीजची बायको जाहिदा आणि पाच वर्षांची अलीझा. जाहिदा वजीराबादेत साड्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर उभं राहून बायकांपुढं साड्या उलगडायच्या आणि त्यांना पसंत पडल्या नाहीत की घड्या घालायच्या. संध्याकाळी तिच्या पायांच्या पोटऱ्या दगड व्हायच्या. अजीजची पाठ मशीनवर वाकून वाकून धरलेली असायची. आणि अलीझा? ती दिवसभर शेजारच्या खालाकडं शहाण्यासारखी बसून सगळं खेळणं संध्याकाळसाठी साठवून ठेवायची. आईबाप दारात आले की ते सगळं एकदम बाहेर पडायचं.

बिचाऱ्यांनी प्रयत्न नव्हता केला असं नाही. अजीज एकदा घोडा झाला. तिसऱ्या फेरीला कमरेत असा झटका आला की दोन दिवस मशीनवर बसता येईना. जाहिदा एकदा लपाछपीत दिवाणाखाली लपली आणि तिथंच डोळा लागला. अलीझानं तिला शोधलं, हाका मारल्या, आणि शेवटी घाबरून रडायला लागली. त्यानंतर पोरीच्या हातात फोन यायला लागला. घर शांत व्हायचं. पण त्या शांततेत दोघंही एकमेकांकडं बघायचे नाहीत. अजीज नुसता माझ्याशी चाळा करत बसायचा, बोटाला गुंडाळायचा आणि सोडायचा. त्याच्या बोटांतली ती तगमग मला समजायची.

आणि एका संध्याकाळी तो आला तो थेट चटईवर आडवा झाला. हातपाय धुवायचंही त्राण नव्हतं. मी त्याच्या गळ्याखाली अर्धी चेंगरलेली. अलीझानं फोन बाजूला टाकला, मला ओढून काढलं आणि माझं टोक त्याच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं.

“अब्बू, हलायचं नक्को. माप घेते.”

अजीजनं डोळे उघडले नाहीत. “काय शिवून राहिलात मास्तर?”

“नाकाला टोपी.”

“घ्या मग. बाही जरा सैल ठेवा.”

त्याला खेळायचं म्हणून काही करावंच लागलं नाही. फक्त पडून राहायचं. तेवढं त्याला येत होतं, किंबहुना तेवढंच येत होतं. अलीझानं त्याचं नाक मापलं, कान मापले, पायाचा अंगठा मापला, अंगठ्यापासून नाकापर्यंत मापलं. तिला आकडे कुठं वाचता येत होते? ती विचारायची, किती झालं, आणि हा मिटल्या डोळ्यांनी ठोकून द्यायचा, सतरा. तिच्यासाठी सगळंच सतरा होतं. खरं सांगते, इतकी चुकीची मापं आयुष्यात कुणी माझ्यावर घेतली नव्हती, आणि मला त्याचा राग आला नाही. मला पहिल्यांदाच थोडं निवांत वाटलं.

मग रोजच दुकान मांडलं जाऊ लागलं. गिऱ्हाईक कधी उंट असायचं, कधी रेल्वे. सगळ्यांत नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे हत्ती. त्याला लग्नाला जायचं होतं आणि त्याची शेरवानी काही केल्या पुरी होत नव्हती. अजीज हत्ती होऊन घोरायचा. खरंच घोरायचा, पण अलीझाला वाटायचं, हत्ती असाच श्वास घेतो.

जाहिदाही त्यात ओढली गेली, आणि तिनं स्वतःच्या पायांना परवडेल असाच खेळ काढला. ती चादरीत स्वतःला गुंडाळून भिंतीकडेला पडायची. ती कापडाचा तागा. ताग्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसतं पडून राहायचं. अलीझा येऊन चादर चिमटीत धरून बघायची, रंग जातो का विचारायची, अजून मऊ दाखवा म्हणायची आणि पसंत नाही म्हणून निघून जायची. दिवसभर वजीराबादेत जे ऐकायचं तेच घरी आडवं पडून ऐकताना जाहिदाला हसू आवरायचं नाही. तागा गदागदा हलायचा, मग दुकानाची मालकीण झालेली अलीझा त्याला रागवायची.

चूक झाली ती गळाच्या खेळात. लग्नसराई ऐन भरात होती आणि अजीजचे डोळेसुद्धा उघडेनात. तेव्हा अलीझानं माझं एक टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि तीस आकड्यापाशी मला मुठीत धरून ती उंबऱ्यापलीकडं जाऊन बसली. अब्बू मासा, ती कोळीण. माशानं अधूनमधून अंगठा हलवायचा, की कोळिणीनं दोन्ही पाय उंबऱ्याला लावून मागं रेलत ओढायचं. अजीजला हा खेळ फार मानवला. यात बोलावंही लागत नव्हतं. रोज संध्याकाळी मासा अंगठा हलवायचा आणि ती पोरगी आपल्या सगळ्या वजनानिशी मला ओढायची. सगळा ताण माझ्या पहिल्या तीस इंचांवर.

मला कळत होतं. रोज आतून एखादा धागा सैल पडायचा. माझे आकडे एकमेकांपासून लांब सरकू लागले, अगदी दिसेल न दिसेल असे. तीस इंच म्हणून मी जे दाखवायची ते आता बत्तीस भरायला आलं होतं. माझ्यासारखीला यापेक्षा वाईट काय व्हायचं? मी खोटी झाले होते आणि मला ते सांगता येत नव्हतं. दुकानात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण अजीज माझ्यानंच मापायचा आणि माझ्यानंच कापायचा. लग्नाच्या गडबडीत दोन सोमवार पट्टीची परीक्षा राहून गेली. तिसऱ्या सोमवारी मी घरीच दिवाणाच्या पायाला बांधलेली राहिले आणि अजीजनं दुकानातली एक जादा टेप पट्टीवर लावून वेळ भागवली. पुढचे सोमवारही तसेच भागले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसांत मी एकदाही नीट गुंडाळून पडले नाही.

पाऊसपाणी सुरू झालं आणि किनवटचं काम आलं. तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहाचे अठ्ठेचाळीस गणवेश. पंधरा ऑगस्टला नवे कपडे घालून झेंड्यापुढं उभं राहायचं होतं. मापं अजीजनं तिथं जाऊन घ्यायची आणि कटिंग व्यंकटराव स्वतः करणार होते, कारण एवढं कापड एका हातानं कापलं तरच एकसारखं निघतं. मी ते ऐकलं आणि अंग चोरलं. माप माझं आणि कटिंग त्यांच्या टेपनं. पहिला नियम मोडला होता, आणि आपण तो मोडतोय हे दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. अजीज थकलेला होता. व्यंकटरावांचा त्याच्यावर विश्वास होता.

मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली. मी अजीजच्या गळ्यात होते आणि खिडकीतल्या वाऱ्यानं फडफडत होते. पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, मास्तर, टेप उडून जाईल. उडून गेले असते तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. अजीजनं मला गाठ मारली.

वसतिगृहात ऋतुजा मॅडमनी मुलींची ओसरीवर रांग लावून ठेवली होती. सत्तेचाळीस मुलींची मापं झाली. एक उरली, शिवांगी. सहा वर्षांची, कुठल्याशा पाड्यावरून आलेली, घर सोडून तिला जेमतेम आठवडा झाला होता. ती खांबाला मिठी मारून उभी होती. अंगाला कुणी हात लावला की किंचाळायची. मॅडमनी समजावलं, दटावलं. अजीज थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला. मग तो त्या ओसरीवर सरळ आडवा झाला, मला पोटावर ठेवलं आणि डोळे मिटले.

“मी हत्ती हाय. लई थकलोय. माझं माप कोण घेतंय बघू.”

पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. शिवांगी हसली नाही. पण हळूहळू खांब सुटला. तिनं मला उचललं, त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या मिशीपाशी बसून राहिली. त्यानंतर तिनं स्वतःच हात पसरले. तिच्या छातीला वेढा घालताना मी माझं सगळं बळ एकवटून आखडायला बघितलं. आखडता आलं नाही. चोवीस इंचांच्या पोरीला मी साडेबावीस म्हटलं आणि अजीजनं ते विश्वासानं लिहून घेतलं.

ऑगस्ट लागला. गणवेश शिवून किनवटला गेले आणि चार दिवसांत ऋतुजा मॅडम गठ्ठा घेऊन स्वतःच दुकानात आल्या. त्या तावातावानं बोलल्या नाहीत. एक फ्रॉक टेबलावर पसरला, बगलेत उसवलेला.

“मास्तर, पोरी हात वर करायला गेल्या की शिवण तुटून राहिली. झेंड्याला सलामी कशी देतील त्या?”

व्यंकटरावांनी माप-वही काढली, फ्रॉक मापला. वहीत होतं तसंच कापलं होतं, सुतभरही फरक नाही. मॅडम जरा ओशाळल्या. म्हणाल्या, महिनाभरात पोरींच्या अंगी जेवण लागलं असेल, नव्या पोरी येतात तेव्हा वाळलेल्याच असतात. बघा, केवढा सोपा रस्ता होता तो. अजीजनं नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. अठ्ठेचाळीस पोरींवर ढकलून तो मोकळा झाला असता, आणि मीही वाचले असते. मी त्याच्या गळ्यात होते. त्याच्या मानेची शीर उडत होती ती मला लागत होती.

त्यानं मला गळ्यातून काढलं आणि स्वतःच्या हातानं पितळी पट्टीवर आडवं केलं.

माझा छत्तीसचा आकडा दोन इंच बाहेर लोंबत होता. दुकानातल्या मशिनी एकामागून एक थांबल्या.

“कोण ताणून राहिलं हिला?” व्यंकटरावांनी विचारलं.

अजीजनं माझं लोंबतं टोक हातानं सावरलं. मग म्हणाला, “सांजच्याला घरी गेलो की पाठ धरलेली असती शेठ. मी आडवा पडतो. पोरगी हिच्यानं खेळती. पोरीसाठी मला तेवढंच जमतं.”

व्यंकटरावांनी कैची उचलली. मी किती सोमवार ती कैची बघितली होती. कापायचा नियम त्यांचाच, आणि आजवर तो त्यांनी कुणासाठी वाकवलेला नव्हता. कैचीचं पातं माझ्या खालून फिरलं, थंडगार. त्यांनी माझ्या एका टोकाची पितळी टोपी कापली. मग दुसऱ्या टोकाची. दोन्ही टोप्या टेबलावर टणटण वाजल्या.

“टोपी गेलेली टेप धंद्यात कुणी उचलत न्हाई,” ते म्हणाले. “हिला घरी ने. दुकानात पुन्हा दिसली न्हाई पायजे.”

गणवेशांचं निस्तरलं ते त्यांच्याच जुन्या सवयीमुळं. लहान पोरांचे कपडे शिवताना ते शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवायचे. त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. आता ती सगळी माया आत्ताच बाहेर काढायला लागली. अठ्ठेचाळीस फ्रॉक उसवा, सरकवा, पुन्हा शिवा, इस्त्री मारा. पोरींना सलामी देता येणार होती. पण पुढच्या वर्षी त्या वाढतील तेव्हा शिवणीत सोडायला काही उरलेलं नव्हतं. त्यांच्या वाढीसाठी ठेवलेलं कापड माझ्या खोटेपणात संपलं. हे मला अजून लागून आहे.

ते आठ-नऊ दिवस अजीजला घरी यायला उशीर व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला भिंतीवरच्या उंच खिळ्याला टांगलं. अलीझा धावत आली, हत्ती आलाय म्हणाली. अजीज म्हणाला, नक्को. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “तुझ्या खेळापायीच झालं हे सगळं.”

तो ओरडला नव्हता. हळूच म्हणाला होता. पण ते वाक्य अलीझाच्या अंगाला असं बसलं की ते पुन्हा उसवता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं एकदाच माझ्याकडं मान वर करून बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलंही नाही. फोन मागितला नाही, तागा मांडला नाही. मी खिळ्यावरून लोंबत होते, वारा आला की भिंतीवर फटफट आपटत होते, आणि कुणी मला ओढत नव्हतं. सोमवारची भीती बरी म्हणावी अशी ती भीती होती.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी गठ्ठा किनवटला गेला आणि अजीज उजेडी घरी आला. येऊन चटईवर आडवा झाला. थोड्या वेळानं अलीझा आली आणि त्याच्या शेजारी, त्याच्यासारखीच, हात छातीवर ठेवून सरळ उताणी पडून राहिली. डोळे गच्च मिटलेले.

अजीजनं विचारलं, कोण गिऱ्हाईक आहे आज?

“कोणी न्हाई,” ती म्हणाली. “मी पण थकले. आता कुणी कुणाचं माप घ्यायचं नक्को.”

पाच वर्षांची पोर ती. जाहिदा चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापत होती. तिचा हात तिथंच थांबला. पिठाच्या हातानं ती उठली, स्टुलावर चढली आणि मला खिळ्यावरून काढलं. माझ्या अंगावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे अजून आहेत, तेविसावर आणि चोविसावर.

“ऐकलं का,” ती नवऱ्याला म्हणाली. “टेप खोटी निघाली. पोरगी न्हाई. तिला सांगा ते.”

अजीज उठून बसला. मग त्यानं मला हातात घेतलं, माझं एक टोक, टोपी नसलेलं, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं अलीझाच्या छातीवर ठेवलं. परत आडवा झाला. डोळे मिटले. मी मध्ये पडलेली, ढिली, जीव टांगणीला लागलेला.

मग त्यानं अंगठा हलवला.

एकदा. थांबून पुन्हा एकदा.

अलीझानं एक डोळा किलकिला केला. “अब्बू,” ती म्हणाली, “ओढू का? तुटंल.”

“ओढ,” अजीज म्हणाला. “माझ्यापायी झालं होतं ते. मी बघितलं न्हाई नीट. तू ओढ.”

तिनं ओढलं. उठून, उंबऱ्याला पाय लावून, मागं रेलून, पूर्वीसारखंच. माझे उरलेसुरले धागे करकरले आणि मी मनात म्हटलं, अजून ओढ बाई.

त्यालाही आता बरेच महिने झाले. अजीजच्या गळ्यात नवी टेप आहे. ती दर सोमवारी पट्टीवर पडते आणि संध्याकाळी न चुकता दुकानातल्या खिळ्यावर राहते. किनवटहून ऋतुजा मॅडमनी फोनवर फोटो पाठवला होता. पोरी सलामी देतायत, सगळ्यांचे हात वर, आणि रांगेच्या टोकाला शिवांगी. अजीजनं तो अलीझाला दाखवला आणि सांगितलं, हिनं पण हत्तीचं माप घेतलंय. अलीझानं बारकाईनं बघून विचारलं, बरोबर घेतलं का?

आता अलीझाला आकडे वाचता येतात. सगळं सतरा म्हणून भागत नाही. परवा शाळेच्या कागदावर उंची लिहायची होती म्हणून अजीजनं तिला दुकानात नेऊन नव्या टेपनं मापलं. बेचाळीस भरली. ती नाचतच घरी आली, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि मला अजीजच्या हातात देऊन म्हणाली, आता हिच्यानं बघा. अजीजनं माझं टोक तिच्या टाचेखाली धरलं, मला वर नेलं आणि तिच्या डोक्यावर बोट टेकवलं. चाळीस.

ती चिडली. दुकानात बेचाळीस, मग घरात चाळीस कसे?

“दुकानात बेचाळीस,” अजीज म्हणाला. “घरात चाळीसच ऱ्हा. इथं घाई न्हाई.”

चौकटीवर त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली आणि चाळीस लिहिलं. जाहिदा बघत होती. तिनं खोडलं नाही.

अशी मी आहे. टोप्या गेलेली, ताणलेली, गळाला बांधलेली, चादरीच्या ताग्याखाली गुरफटलेली. गुंडाळी मोडायची माझी जुनी खोड गेलेली नाही, पण आता संध्याकाळ झाली की कुणी तरी उलगडणार हे ठाऊक असतं. तुम्हीही दमून येत असाल. पोरांशी खेळायला अंगात त्राण नाही म्हणून मनातल्या मनात झुरत असाल. तुम्हाला धावायला, घोडा व्हायला कुणी सांगत नाही. आडवे व्हा. काहीतरी एक लांबट हातात द्या, एक टोक आपल्याकडं ठेवा, आणि पोराला कुठलंही माप घेऊ द्या. मधूनमधून अंगठा तेवढा हलवा.

सारी उमर मी खरं बोलले. आता या एका दाराच्या चौकटीपाशी रोज खोटं बोलते. बेचाळीस इंचांची पोरगी माझ्या मापानं अजून चाळीसची आहे, आणि जोवर माझ्यात एक धागा आहे तोवर मी तिला त्या घरात दोन इंच लहानच ठेवणार आहे.